जमिनीवर पडलेला नारळ पुन्हा पडत नाही

गेल्या मे महिन्यात सांगलीला मावशीकडे गेलो, तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी एक काळं लॉकेट दिसलं. पाच रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं, गुळगुळीत, दगडासारखं. विचारलं, "मावशी, हे काय नवीन?"

"शून्यबिंदू ऊर्जेचं आहे. पोकळीतली ऊर्जा खेचून घेतं. बीपीला चांगलं."

किंमत साडेसहा हजार रुपये. एका मंगल कार्यालयात शिबिर झालं होतं. चहा-उपमा फुकट आणि जाताना हातात चकचकीत पत्रक. ते तिने जपून ठेवलं होतं. त्यात एक चौकट होती: धातूचे दोन पत्रे, मध्ये नागमोडी रेषा आणि खाली नाव, कॅसिमिर.

मला हसू आलं. मावशी चिडली.

"हसतोस काय? तूच सांगितलंयस हे. गच्चीवर सोसायटीच्या पोरांना दुर्बिणीतून शनी दाखवत होतास ना, तेव्हा. पोकळी रिकामी नसते, तिच्यात कण सारखे उगवतात नि मावळतात, दोन पत्रे जवळ आणले की पोकळीच त्यांना ढकलते. मी खुर्ची टाकून ऐकत होते. मग हे लोक तेच बोलले, तेव्हा मला खरं वाटलं."

हसू तिथेच विरलं. कारण मी ते बोललो होतो. जवळजवळ याच शब्दांत.

"आणि बीपीची गोळी?"

"एक दिवसाआड घेते आता."

लॉकेट विकणाऱ्यांवर तुटून पडणं सोपं आहे. वाचणारे आपण सगळे आधीच त्यांच्या विरोधात आहोत, त्यामुळे टाळ्याही मिळतील. पण लॉकेटवाल्याने एकही वाक्य स्वतः शोधलेलं नव्हतं. त्याने आमच्याकडून उचललं. आमच्याकडून म्हणजे विज्ञान 'सोपं करून' सांगणाऱ्यांकडून: गच्चीवरचे दादा, क्लासमधले सर, रील बनवणारे, रविवारच्या पुरवणीत लिहिणारे. म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात आज आम्ही उभे आहोत, आणि मी पहिल्या रांगेत आहे.

आरोप दोन आहेत. जिथे गूढ नाही तिथे आम्ही गूढ उभं केलं. आणि जिथे खरंखुरं, आजही न सुटलेलं कोडं आहे, तिथे आम्ही वाचकाला नेलंच नाही.

चिखल, पूड आणि दोन पत्रे

आधी ही गोष्ट जशी घडली तशी सांगतो.

१९४०च्या दशकात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत, फेरवे आणि ओव्हरबेक हे दोघे द्रवात तरंगणाऱ्या बारीक पुडींचा अभ्यास करत होते. असे कण एकमेकांना चिकटतात कधी आणि सुटे राहतात कधी, हा कारखान्यातला प्रश्न होता. रेणूंमधल्या आकर्षणाचं जे सूत्र तेव्हा वापरात होतं, ते लांबच्या अंतरावर प्रयोगाशी जुळेना. आकर्षण अपेक्षेपेक्षा लवकर मंदावत होतं. ओव्हरबेकला शंका आली की एका रेणूचा परिणाम दुसऱ्यापर्यंत पोचायला प्रकाशाच्या वेगाने का होईना, वेळ लागतो, आणि तो वेळ हिशोबात धरलेला नाही.

त्याच प्रयोगशाळेत हेन्ड्रिक कॅसिमिर आणि डिर्क पोल्डर होते. त्यांनी तो वेळ धरून गणित केलं आणि ते जुळलं. उत्तर इतकं सुटसुटीत आलं की कॅसिमिरला वाटलं, यामागे आणखी सोपी वाट असणार. त्याने नील्स बोरपाशी विषय काढला, तेव्हा बोर शून्यबिंदू ऊर्जेबद्दल काहीतरी पुटपुटला, अशी आठवण कॅसिमिरने पुढे सांगितली आहे. त्या धाग्यावरून त्याने १९४८ साली दाखवलं की विद्युतभार नसलेले दोन आदर्श वाहक पत्रे पोकळीत समोरासमोर ठेवले तर ते एकमेकांकडे ओढले जातील. अंतर निम्मं केलं की ओढ सोळापट होते.

म्हणजे जन्मापासून या परिणामाचे दोन हिशोब आहेत. पहिल्या हिशोबात पत्र्यांमधले विद्युतभार थोड्या उशिराने एकमेकांना ओढतात. दुसऱ्यात पत्र्यांमधल्या विद्युतचुंबकीय क्षेत्राची शून्यबिंदू ऊर्जा अंतरानुसार बदलते. उत्तर दोन्हीकडून तेच येतं. आम्ही मात्र तुम्हाला कायम दुसराच सांगितला. पहिल्यात चिखल आहे, पूड आहे, कारखाना आहे. दुसऱ्यात 'पोकळी' आहे. पोकळी जास्त खपते.

आता आकडे. पत्र्यांमधलं अंतर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा एक चौरस सेंटिमीटर पत्र्यावरची ओढ साधारण १३ मायक्रोग्रॅम वजनाएवढी. इतकी बारीक गोष्ट मोजणं किती अवघड असेल याचा अंदाज करा. १९५८ साली स्पारनाय यांनी प्रयत्न केला, पण चूक-मर्यादा जवळपास मोजमापाएवढीच राहिली. खात्रीचं मोजमाप १९९७ साली सिॲटलला स्टीव्ह लामोरो यांनी केलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी ते आणखी काटेकोर केलं. परिणाम खरा आहे, यात आता वाद नाही.

वाद त्याच्यातून काय सिद्ध होतं याचा आहे.

विटा सूत्रात दिसत नाहीत म्हणून

कॅसिमिरच्या सूत्रात प्लँकचा स्थिरांक आहे, प्रकाशाचा वेग आहे, अंतर आहे. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार कुठेच नाही. इथेच सगळ्यांची फसगत होते. भार सूत्रात नाही, म्हणजे पत्र्यांचा यात काही हात नाही, सगळं पोकळीच करते, असं वाटायला लागतं.

चेंडू भिंतीवर आपटून परत येतो. त्याचं गणित करताना आपण भिंत पूर्ण टणक धरतो आणि उत्तरात विटा, सिमेंट, वाळू काहीच येत नाही. म्हणून भिंत विटांची नव्हती असं कुणी म्हणत नाही. 'आदर्श वाहक' ही तशीच टणक भिंत आहे. एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जॅफी यांनी २००५ साली हाच मुद्दा मांडला. विद्युतभाराची ताकद कमी करत करत शून्यावर आणा, पत्रे प्रकाशाला पारदर्शक होतील आणि कॅसिमिर ओढही नाहीशी होईल. हा पदार्थांमधल्या भारांचा परस्परपरिणाम आहे, तो शून्यबिंदू ऊर्जेचं नावही न घेता काढता येतो, आणि म्हणून 'पोकळीत खरोखर ऊर्जा भरलेली आहे' याचा पुरावा म्हणून तो दाखवता येत नाही. त्याच्या पन्नास वर्षं आधी रशियात लिफ्शित्झ यांनी खऱ्याखुऱ्या पदार्थांसाठी हे बल काढलं होतंच. त्यांच्या सूत्रात पदार्थाचे गुणधर्म ठळकपणे येतात.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. पोकळीच्या ऊर्जेची सरळसोट बेरीज केली, तर येणारा आकडा आणि विश्वाच्या प्रसरणावरून दिसणारा आकडा यांच्यात एकावर सुमारे १२० शून्यं इतकी तफावत पडते. पुण्याच्या आयुकातले थानू पद्मनाभन यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं घालवली. ज्या जागी जाणकारांचा हिशोब इतका चुकतो, तिथे 'पोकळीत ऊर्जा ठासून भरलीय, सिद्ध झालंय' असं बिनदिक्कत सांगणं म्हणजे दिवाळखोर पेढीचं पासबुक दाखवून कर्ज मागणं.

काही भौतिकशास्त्रज्ञांना दुसरा हिशोबच जास्त पटतो, हेही सांगायला हवं. पण त्यांच्यातलाही कुणी गंभीर माणूस तिथून वीज काढता येईल असं म्हणत नाही. कारण साधं आहे. शून्यबिंदू ऊर्जा म्हणजे व्यवस्थेची सगळ्यात खालची ऊर्जा. तिच्याखाली पायरीच नाही. झाडावरचा नारळ पडला तर पडताना काम करील, कौल फोडील, डोकं फोडील. जमिनीवर पडलेला नारळ पुन्हा पडत नाही. त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर आधी उचलावा लागतो, आणि उचलायला तेवढीच ऊर्जा लागते.

पत्रे एकमेकांकडे येतात तेव्हा थोडी ऊर्जा मिळते, हे खरं. किती? हिशोब तुमच्या हातातल्या फोनवर करू. पाच हजार एमएएच बॅटरीत साधारण ६९ हजार जूल ऊर्जा मावते. आदर्श पत्रे लांबून आणून एकमेकांपासून १० नॅनोमीटरवर ठेवले, तर दर चौरस मीटरमागे एका जुलाचा दोन हजारावा भागही मिळत नाही. फोन एकदा चार्ज करायला सुमारे १६० चौरस किलोमीटर पत्रा लागेल, म्हणजे बृहन्मुंबईच्या पाव भागाएवढा. आणि दुसऱ्यांदा चार्ज करायचा तर ते पत्रे परत लांब न्यावे लागतील, ज्यात मिळालेली सगळी ऊर्जा परत जाईल.

हा गुणाकार मी गच्चीवर केला असता तर मावशीचे साडेसहा हजार वाचले असते. मी केला नाही. गुणाकाराने वातावरण बिघडतं असं मला वाटलं.

वजनकाट्यावरचं कोडं

आता दुसरा आरोप.

वजनकाट्यावर उभे राहा. समजा आकडा साठ किलो आला. हे साठ किलो कुठून आले? जुलै २०१२मध्ये सर्नने हिग्ज बोसॉनची घोषणा केली, तेव्हा आम्ही उत्साहाने सांगितलं की विश्वातल्या सगळ्या वस्तुमानाचा उगम सापडला. तेही अर्धवट होतं. तुमचं जवळजवळ सगळं वजन प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं आहे. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही, आणि त्याच्यातल्या तीन क्वार्कांना हिग्जकडून मिळालेल्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम नऊ. म्हणजे एक टक्का. साठ किलोंतले सहाशे ग्रॅम हिग्जच्या खात्यावर, बाकीचे एकोणसाठ किलो चारशे ग्रॅम क्वार्कांच्या धावपळीचे आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राचे. आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे ऊर्जेचं वजन होतं. तुम्ही मुख्यतः एका तुरुंगाचं वजन घेऊन फिरता आहात.

तुरुंग हा शब्द मुद्दाम वापरला. १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली. काही वर्षांतच कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या प्रयोगांत प्रोटॉनच्या आत बिंदूसारखं काहीतरी असल्याचं दिसलं. तरी आजवर एकही सुटा क्वार्क कुणी पकडलेला नाही. इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो, प्रोटॉन केंद्रकातून सुटतो, क्वार्क सुटत नाही. याला भौतिकशास्त्रात कन्फाइनमेंट म्हणतात. आपण कैद म्हणू.

ही कैद ज्या सिद्धांतात आहे त्याचा पाया यांग आणि मिल्स यांनी १९५४ साली घातला. असे सिद्धांत गेज सिद्धांत म्हणून ओळखले जातात. विद्युतचुंबकत्वही गेज सिद्धांतच, पण तिथला फोटॉन स्वतः भाररहित असतो. त्यामुळे दोन भार लांब गेले की क्षेत्ररेषा चौफेर पसरतात आणि ओढ क्षीण होते. ग्लुऑनवर मात्र स्वतःचा 'रंगभार' असतो. ग्लुऑन ग्लुऑनला ओढतो. क्षेत्ररेषा पसरण्याऐवजी दोन क्वार्कांमध्ये एका बारीक नळीत गोळा होतात. तिला आपण दोरी म्हणू. क्वार्क जवळ असताना जवळजवळ मोकळे असतात. १९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी हे गणिताने दाखवलं आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. लांब ओढायला लागलात की ताण कमी होत नाही. तो साधारण १५ टन वजनाएवढा राहतो. भरलेल्या ट्रकचं वजन, आणि तेही एका दोन कणांमधल्या दोरीवर. फार ओढलंत तर दोरी तुटते, पण तुटताना त्या ऊर्जेतून नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्मतात आणि दोन्ही टोकं पुन्हा बांधली जातात. गांडूळ तोडून एक टोक हातात मिळेल अशी आशा धरावी आणि दोन गांडुळं मिळावीत, तसं.

हे सगळं असं का होतं? केनेथ विल्सन यांनी १९७४ साली अवकाश-काळाची चौकटीची जाळी कल्पून हे सिद्धांत संगणकात घालण्याची वाट दाखवली. तेव्हापासून महासंगणकांवर कैद दिसते, मोजता येते, प्रोटॉनचं वस्तुमान काही टक्क्यांच्या आत बरोबर येतं. पण यांग-मिल्सच्या समीकरणांतून, कागदावर, कडक गणिती सिद्धता? ती नाही. क्ले संस्थेने २००० साली दहा-दहा लाख डॉलरांची सात कोडी जाहीर केली. त्यांतलं एक याच सिद्धांताचं आहे: तो गणिताने नीट उभा करून दाखवा, आणि त्यातला सर्वांत हलका कणसुद्धा वस्तुमानरहित नसतो हे सिद्ध करा. ते आजही उघडं आहे.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये अनेक दशकं जाळीवरच्या या हिशोबांवर काम चालू आहे. चर्चगेटला उतरून बसने जाता येईल इतक्या अंतरावर. आणि आम्ही मराठीत काय सांगत बसलो होतो? पोकळीत कण उगवतात नि मावळतात.

जिथे कॅसिमिर खरंच कामाला येतो

या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात ती जागा मला सगळ्यात जास्त आवडते, आणि ती मी कधीच कुणाला सांगितलेली नाही.

क्वार्कांमधली ती दोरी ताणलेली तार आहे. तार म्हटली की थरथर आली, आणि क्वांटम जगात थरथर पूर्ण थांबत नाही. हेलियम नेहमीच्या दाबाखाली कितीही थंड केला तरी गोठत नाही, तो याच थरथरीमुळे. शून्यबिंदू थरथर खरी आहे. खोटी आहे ती तिच्यातून फुकट मिळणाऱ्या ऊर्जेची आशा. आता ही तार दोन टोकांना क्वार्कांनी बांधलेली. सतारीच्या तारेसारखे तिचे ठरावीक सूर असतात: पहिला, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. सगळ्या सुरांच्या शून्यबिंदू ऊर्जा मिळवायच्या, म्हणजे १ + २ + ३ + ४ अशी न संपणारी बेरीज करायची. तिच्यातला जो अनंत भाग तारेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो तो तारेच्या ताणातच मिसळून जातो. तो वेगळा काढला की उरतं उणे एक बारांश.

हो, तोच उणे एक बारांश, ज्याच्यावर रामानुजनचं नाव घालून 'गणिताचा चमत्कार' म्हणून व्हिडिओ फिरतात. रामानुजनने १९१३ साली हार्डीला लिहिलेल्या पत्रात तो आहेच. व्हिडिओ तिथेच थांबतात, डोळे विस्फारून. तो आकडा निसर्गात कुठे कामाला येतो ते सांगत नाहीत. इथे येतो. लुशर, सिमान्झिक आणि वाइस यांनी १९८०च्या सुमारास दाखवलं की क्वार्कांमधल्या ऊर्जेत ताणाच्या जोडीला आणखी एक पद असलं पाहिजे: उणे पाय भागिले बारा पट अंतर, प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांनी गुणलेलं. ही त्या तारेची कॅसिमिर ऊर्जा. यात मनासारखा बदलता येईल असा एकही आकडा नाही. तार कशाची, किती ताणलेली, काही फरक पडत नाही. पुढे २००२ साली लुशर आणि वाइस यांनी जाळीवर अतिशय बारीक हिशोब करून ते पद खरोखर तिथे आहे का ते तपासलं. होतं.

उलट बाजूनेही पाहिलं गेलं आहे. दोन आदर्श आरसे विद्युतचुंबकीय पोकळीत न ठेवता यांग-मिल्सच्या पोकळीत ठेवले तर? मॅक्सिम चेर्नोडुब आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली हे संगणकावर केलं, आधी अवकाशाच्या दोन मिती धरून. आरसे जवळ आणले की मधल्या जागेतली कैद हळूहळू सैल होते. २०२३ साली त्यांनी तीन मिती घेतल्या. तिथे आरशाशी ग्लुऑनची एक बांधलेली अवस्था दिसली, जणू तो स्वतःच्या प्रतिबिंबाला चिकटलेला. तिचं वस्तुमान सर्वांत हलक्या ग्लूबॉलच्या, म्हणजे नुसत्या ग्लुऑनांच्या गोळ्याच्या, जेमतेम तिसरा हिस्सा. असे आरसे प्रयोगशाळेत नाहीत, हे फक्त हिशोबातलं जग आहे. पण प्रश्न पाहा किती सरळ आहे: तुरुंगाच्या भिंती हलवल्या तर तुरुंग तुरुंग राहतो का?

आणखी एक गंमत. ज्या जॅफींनी 'कॅसिमिर हा पोकळीच्या ऊर्जेचा पुरावा नव्हे' असं लिहिलं, तेच १९७४ साली प्रोटॉनचं 'पिशवी' प्रतिरूप मांडणाऱ्या पाच जणांपैकी एक. क्वार्क एका पिशवीत कैद आहेत असं धरायचं आणि वस्तुमान काढायचं. पुढच्याच वर्षीच्या सुधारित हिशोबात पिशवीतल्या शून्यबिंदू ऊर्जेसाठी एक पद घातलं होतं, आणि त्याचा आकडा कागदावरून न येता प्रयोगाशी जुळवून घ्यावा लागला होता. हे गणित कुठे चालतं आणि कुठे लंगडतं, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी करून पाहिलं होतं.

तीन सबबी

मग हे आम्ही का सांगत नाही? आमच्या सबबी मला तोंडपाठ आहेत.

पहिली, लोकांना गणित नको असतं. कोणत्या लोकांना? पावसात सामना थांबला की डकवर्थ-लुईसने टार्गेट किती होईल यावर चहाच्या टपरीवर वाद घालणाऱ्यांना? एसआयपीचा परतावा दोन दशांशांपर्यंत सांगणाऱ्यांना? वाचकाला गणित नको असतं हे आम्ही ठरवलं, कारण ते आम्हाला नीट मांडायचं नव्हतं. ही सबब म्हणजे वाचकाचा अपमान आहे आणि तो आम्ही 'सोपी भाषा' या गोड नावाने करतो.

दुसरी, उपमा दिल्याशिवाय समजत नाही. मान्य. मी वर नारळ, चेंडू, दोरी, गांडूळ सगळं आणलं. पण उपमा देणाऱ्याने ती कुठे तुटते तेही सांगितलं पाहिजे. क्वार्कांच्या दोरीला पुष्कळजण रबर म्हणतात. रबर जितकं ताणाल तितका ताण वाढतो, इथे तो जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून रबर चूक. 'आभासी कण उगवतात नि मावळतात' हीसुद्धा उपमाच आहे, गणितातल्या पदांना दिलेली. ती आम्ही उपमा म्हणून न सांगता बातमी म्हणून सांगितली. लॉकेटवाल्याने बातमी विकली.

तिसरी, गूढ वाटलं की मुलं विज्ञानाकडे वळतात. वळतात, पण कुठल्या दुकानात शिरतात ते पाहिलंय का? जिथे गूढ हेच भांडवल आहे, तिथे बाबा आमच्यापेक्षा जास्त तयारीचे आहेत. त्यांच्याकडे मांडव मोठा, माइक चांगला आणि उपमाही फुकट. त्यांच्यातले काही तर म्हणतात की हे सगळं पूर्वजांना ठाऊकच होतं. पूर्वजांनी शून्यावर खोल विचार केला याचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्यांना फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या निकालावर शिक्का मारणारे कारकून केलेलं मला आवडत नाही.

मावशीचा प्रश्न

त्या दिवशी मी मावशीला हे सगळं सांगितलं. दोन तास लागले, मध्ये एकदा चहा झाला. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१मध्ये अशाच 'ऊर्जा' देणाऱ्या दहा वस्तूंत किरणोत्सारी पदार्थ सापडल्याचा इशारा दिला होता आणि त्या अंगावर घालू नका म्हणून सांगितलं होतं, हेही सांगितलं. कॅसिमिरच्याच देशात. मावशीच्या लॉकेटमध्ये तसं काही होतं की नाही मला माहीत नाही, पण तिने ते तेवढ्यात काढून टेबलावर ठेवलं.

मग तिने असा प्रश्न विचारला की मला उत्तर द्यायला वेळ लागला.

"तुझी ती क्वार्कांमधली दोरी. ती कुणी पाहिलीय?"

"नाही. संगणकातल्या हिशोबात दिसते."

"मग तिच्यात आणि माझ्या लॉकेटात फरक काय? दोन्ही न दिसणाऱ्या गोष्टी. एक तू सांगतोस, एक त्यांनी सांगितली."

गच्चीवरच्या माझ्या भाषणाला याचं उत्तर देता आलं नसतं. तिथे मी फक्त 'शास्त्रज्ञ म्हणतात' म्हणालो होतो, आणि शिबिरवालाही तेच म्हणाला होता. त्या दिवशी मात्र माझ्याकडे उणे पाय भागिले बारा होतं.

"मावशी, त्या लोकांनी आधी आकडा सांगितला. मग बावीस वर्षांनी तपासला. तो चुकू शकला असता. उणे एक दशांश निघाला असता तर दोरीची ती कल्पना अडचणीत आली असती. तुझ्या लॉकेटवाल्याने काय सांगितलं होतं? बीपी किती दिवसांत किती उतरेल?"

ती आठवू लागली. "हळूहळू फरक पडेल म्हणाले. श्रद्धा ठेवा म्हणाले."

"आणि नाही पडला तर?"

"तर अजून एक घ्या म्हणाले. नवऱ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बीपी एकशे साठच्या वर होतं. गोळी पुन्हा रोजची झाली. लॉकेट कपाटात, जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात आहे. फेकायचं कुठे ते तिला कळत नाही, आणि खरं तर मलाही नाही.

निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी गच्चीवर बोलशील तेव्हा हा दोरीचा हिशोब सांग पोरांना. आणि तो पत्र्याचा. मुंबईच्या पाव भागाएवढा पत्रा. तो मला लगेच कळला."